मुदतवाढ मिळणेबाबत

जर्मन भाषा शिकायची नाही, हा निर्णय मी एका रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, ओसरीत आडवं पडून घेतला. कोणालाही न विचारता घेतलेला माझ्या आयुष्यातला हा एकमेव निर्णय असावा. पुढं जे झालं ते पाहता, बाकीचे निर्णय मी विचारून घेतो तेच बरं आहे.

आधी ओळख करून देतो. प्रसेनजित पुंजाजी हिवराळे, वय एकोणचाळीस, राहणार उंद्री, तालुका चिखली, जिल्हा बुलडाणा. (पत्ता पूर्ण लिहिल्याशिवाय माझा पेन पुढं सरकत नाही.) नोकरी एका सरकारी कार्यालयात. कोणत्या, ते सांगत नाही, कारण अजून एकोणीस वर्षं तिथंच काढायची आहेत. माझं टेबल मुदतवाढीचं. म्हणजे असं, की ठेकेदाराला बस थांब्याचं शेड सहा महिन्यांत बांधायचं असतं. ते सहा महिन्यांत होत नाही. मग तो अर्ज करतो, मी त्यावर 'अपरिहार्य कारणास्तव सदर कामास मुदतवाढ देण्यास हरकत नसावी' अशी टिप्पणी लिहितो आणि साहेब सही करतात. एका शेडला मी सात वेळा मुदतवाढ दिली आहे. शेड अजून व्हायचं आहे, पण फाइल इतकी भरली आहे की उचलायला दोन माणसं लागतात. अकरा वर्षांत माझ्या टेबलावरून एकही मुदतवाढ नामंजूर होऊन गेली नाही. ह्याच अभिमानानं माझा घात केला.

बायको महामाया नर्स आहे. लग्नाला चार वर्षं झाली. त्यातलं एक वर्ष तिनं पुण्याला होस्टेलवर राहून जर्मन शिकण्यात घालवलं आणि गेले चौदा महिने ती जर्मनीतल्या एका दवाखान्यात आहे. (गावाचं नाव मला अजून एका दमात घेता येत नाही.) उरलेल्या काळात आमचा संसार झाला. पण तिची नाइट ड्यूटी आणि माझं दिवसाचं ऑफिस, त्यामुळे तोही बहुतेक फाटकातच झाला. मी निघालो की ती यायची. आता तर फाटकातही कोणी येत नाही. खरं सांगतो, मला तिची फार आठवण येते. मायचा चहा पहाटे पाचलाच झालेला असतो. मी सातला माझा ठेवतो तेव्हा हातून सवयीनं अजूनही दोघांचं, दोन कप पाणी पडतं, आणि मग दोन्ही कप मलाच प्यावे लागतात. त्यानं पित्त वाढलं आहे.

तर त्या रविवारी महामायाचा फोन आला.

"हे पाहा, मी सगळी चौकशी केली," ती म्हणाली. "भेटीच्या व्हिसावर या, तं नव्वद दिवस. नव्वदाच्या वर एक दिवस नाही. अन् इथं आल्यावर तो बदलूनही भेटत नाही."

"अन् जास्त राह्याचं असलं तं?"

"तं बायकोजवळ राह्याचा वेगळा व्हिसा. तो तिकडूनच काढून यावा लागते. अन् तुमच्यासाठी म्हणे जर्मनची पहिली परीक्षा लागन. एकदम सोपी हाये. नाव, गाव, बाजारहाट, घड्याळात किती वाजले, एवढंच."

"बरं बरं," मी म्हणालो. "आधी नव्वद दिवसांवर येतो. पुढचं तिथं आल्यावर बघू."

"तिथं आल्यावर बघायले ते तुमचं ऑफिस नाही."

"ऑफिस सगळीकडं सारखंच असते, महामाया. माणसानं अर्ज केला पाहिजे."

"आईलेही घेऊन या," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मी ओसरीत आडवा झालो आणि वर सांगितलेला निर्णय घेतला.

मायचा अर्ज सोबत टाकायला मी लगेच तयार झालो, त्यालाही ऑफिसचा अनुभव कारण होता. दोन फायली एका दोऱ्यानं बांधलेल्या असल्या की एक अडकली तरी दुसरीच्या ओढीनं निघून येते. माय म्हणजे जनकाबाई, वय अडुसष्ट. तिचा पासपोर्ट तयारच होता. दोन वर्षांपूर्वी श्रीलंकेच्या धम्मयात्रेसाठी काढला होता, पण यात्रावाल्यानं यात्राच रद्द केली, तेव्हापासून तो ट्रंकेत कोराच्या कोरा पडून होता.

"माह्यानं नाही होत," माय म्हणाली. "चंद्री गाभण हाये."

चंद्री म्हणजे आमची म्हैस.

"अवं माय, सून बोलावून राह्यली, अन् तुले म्हशीची पडली!"

"सुनेले मी फोनवर दिसतो तरी. म्हशीले फोन कळते का?" (आमच्याकडं बाया 'मी जातो, मी येतो' असंच म्हणतात.) शेवटी ती एकवीस दिवसांसाठी तयार झाली. चंद्री व्यायच्या आत परत, ह्या अटीवर.

इथवर सगळं ठीक होतं. मग मी किसनरावांकडं गेलो.

किसनराव आमचे माजी सरपंच, आणि गावातल्या सगळ्या सत्कारांचे कायमचे अध्यक्ष. उंद्रीत पोरगा पोलीस भरतीत लागला की सत्कार होतो. लागला नाही, तर 'प्रयत्नाबद्दल' होतो. मी त्यांना दाखल्यासाठी भेटलो आणि जाता जाता म्हणालो, "जर्मनीले जाऊन राह्यलो, पण अजून कोणाले सांगू नका."

"माह्या पोटात राहीन," किसनराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बस स्टँडवर सोळा फुटी फ्लेक्स लागला होता. 'उंद्रीचे भूमिपुत्र मा. प्रसेनजितदादा हिवराळे यांचे जर्मनी देशी कायमस्वरूपी प्रयाण! समस्त गावकऱ्यांतर्फे अश्रूपूर्ण निरोप.' मी तसाच डिंपलकडं गेलो. डिंपल म्हणजे आमच्या गावची फ्लेक्सवाली. कॉम्प्युटर, प्रिंट, पासपोर्ट फोटो, सगळं तिचंच.

"डिंपल, कायमस्वरूपी नाही वं. तीन महिने."

"दादा, 'तीन महिन्यांसाठी' टाकलं तं फ्लेक्सले शोभा नाही येत. तीन महिने तं लोक मामाच्या गावालेही जातात."

"अन् मागं हा मनोरा कायचा? हा पॅरिसचा हाये."

"तिकडलाच हाये ना, दादा."

"अन् विमान माह्या कानातून काऊन निघून राह्यलं?"

"दुसरीकडं जागाच नव्हती. किसनकाकानं त्याइचाच फोटो केवढा मोठा टाकायले लावला, पाहा ना."

खरा घोटाळा माझ्या फोटोनं केला. व्हिसाच्या फोटोत हसायचं नसतं. पांढरा पडदा, कान दिसले पाहिजेत, तोंड मिटलेलं. डिंपलकडं माझा तोच फोटो होता, तो तिनं चार फूट करून टाकला, आणि शोभेसाठी बाजूनं झेंडूच्या माळा सोडल्या. माळा, मिटलेलं तोंड, 'प्रयाण' आणि 'अश्रूपूर्ण'. दुपारी अन्नपूर्णाबाई पदर तोंडाला लावून आमच्या घरी आल्या आणि मायच्या गळ्यात पडल्या.

"जनके, कसं झालं वं हे? कालच तं मले दुकानात दिसला होता!"

"अवं, जित्ता हाये तो. आत जेवून राह्यला."

अन्नपूर्णाबाईंनी आत डोकावून माझी खात्री करून घेतली. खात्री झाल्यावर त्यांचा चेहरा थोडा उतरल्यासारखा मला वाटला, पण मी मनाला लावून घेतलं नाही.

संध्याकाळी सत्कार झाला. शाल, पुष्पगुच्छ, भाषणं. किसनराव माइक धरून म्हणाले, "आता आपला प्रसेनजित काही परत येत नाही!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. माय पहिल्याच रांगेत होती. ती बसल्या जागेवरून ओरडली, "काऊन नाही येत? घर कोणं पाहाचं?" पण टाळ्यांत ते बुडालं. मला तिथं उभं राहून 'फक्त तीन महिने' असं सांगता आलं असतं. पण शाल अंगावर पडली की माणसाची जीभ सैल होते. मी म्हणालो, "देहानं मी जर्मनीत राहीन, पण मन उंद्रीतच ठेवून चाललो आहे." दोघी-तिघींनी डोळे पुसले. दोन दिवसांनी तालुक्याच्या एका पेपरात बातमी आली: 'हिवराळे कायमचे जर्मनीला, गाव गहिवरले'. मी सहा प्रती घेतल्या.

आता कागद. यादीत एक मुद्दा होता, की अर्जदाराचं आपल्या देशाशी, गावाशी घट्ट नातं असल्याचे पुरावे जोडावेत. हे वाचून मला हसूच आलं. पुरावा? माझ्याकडं सोळा फुटांचा पुरावा होता! ज्या माणसासाठी अख्खं गाव रडतं, त्याचं गावाशी नातं घट्ट नाही तर काय? मी फ्लेक्सचा फोटो जोडला, बातमी जोडली, भाषणाचा उतारा जोडला, आणि बुलडाण्याला एका जाणकार गृहस्थांकडून सगळ्याचं इंग्रजी करून घेतलं. गृहस्थ फार प्रामाणिक. 'कायमस्वरूपी' हा शब्द त्यांनी एकदाही गाळला नाही.

वर माझं स्वतःचं पत्र. ते मी अकरा वर्षांचा सगळा अनुभव ओतून लिहिलं होतं. 'विषय: नव्वद दिवसांचा व्हिसा व तद्नंतर मुदतवाढ मिळणेबाबत. सदर अर्जदाराची पत्नी जर्मनी येथे कार्यरत असून, प्रथमतः नव्वद दिवस व त्यानंतर अपरिहार्य कारणास्तव वेळोवेळी मुदतवाढ देण्यास हरकत नसावी.' लिहून झाल्यावर मी ते दोनदा मोठ्यानं वाचलं. स्वतःच्या हस्ताक्षरावर माणसाचं प्रेम बसतं ते अशा वेळी.

"तुह्या पत्रासारखं माह्यं नको लिहू," माय म्हणाली. "मी सांगतो तसं लिही. 'सुनेले भेटायले येतो. एकवीस दिवस राहतो. म्हैस व्यायची हाये म्हणून परत जातो.' बस. अन् ढोरांच्या डॉक्टरचा कागद लाव."

"माय, तिथं म्हशीचा कागद कोण पाहते?"

"लाव म्हणतो ना!"

लावला. 'सदर म्हैस साडेआठ महिन्यांची गाभण असून पुढील महिन्याच्या अखेरीस विण्याची शक्यता आहे. त्या वेळी मालकीण हजर असणे इष्ट,' असा दाखला आणि चंद्रीचा एक फोटो. हे इंग्रजीत करताना बुलडाण्याच्या गृहस्थांनी चष्मा दोनदा पुसला.

पुण्याला कागद जमा करायच्या खिडकीवर एक पोरगी होती. मोठी नीटनेटकी. आमचं बोलणं ऐकून ती गालातल्या गालात हसत होती. पुण्यात आम्ही तोंड उघडलं की लोकांची करमणूक होते, त्याची आम्हाला सवय आहे.

"आजी, किती दिवस राहणार आहात?"

"एकवीस. बाविसाव्या दिवशी कोणी हात धरला तरी थांबत नाही."

"का बरं?"

"म्हैस हाये माही."

पोरीनं मान हलवून कागद लावला आणि माझ्याकडं वळली. "आणि काका, तुम्ही?"

"नव्वद. पुढं बघू."

"पुढं बघू म्हणजे?"

"मुदतवाढ."

तिनं टाइप करायचं थांबवलं. "काका, भेटीच्या व्हिसाला तशी मिळत नाही हो."

"मॅडम, अर्ज केला की मिळते," मी समजुतीच्या सुरात म्हणालो. ती माझ्याकडं पाहून हसली. नवा ठेकेदार पहिल्यांदा टेबलासमोर येतो तेव्हा मी नेमका असाच हसतो. ते हसू मी तिथंच ओळखायला पाहिजे होतं.

"आणि हा बॅनरचा फोटो... हा लावायलाच हवा का?" तिनं हळूच विचारलं. निर्णय तिच्या हातात नव्हता, पण ती मला वाचवू पाहत होती, हे मला आज कळतं.

"लावाच," मी म्हणालो. "मूळ प्रतही आणली आहे. बाहेर रिक्षात गुंडाळून ठेवली आहे."

तीन आठवड्यांनी दोन पाकिटं आली. फोडायला किसनराव हजर होते, कारण स्वागताच्या फ्लेक्सचं त्यांना आधीच ठरवायचं होतं. मायच्या पासपोर्टात रंगीत व्हिसा चिकटवलेला होता. तीस दिवसांचा. माझ्या पासपोर्टात काहीच नव्हतं. सोबत एक छापील कागद होता, त्यात बरेच चौकोन होते आणि एका चौकोनात फुली. त्याच्यापुढं जे लिहिलं होतं त्याचा अर्थ असा: व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी तुम्ही परत जाल, ह्याबद्दल आम्हाला वाजवी शंका आहे.

अकरा वर्षं मी लोकांच्या अर्जांवर शेरे लिहिले. माझ्यावर पडलेला हा पहिला शेरा. आणि शेरा मारणाऱ्याचं चुकलं आहे, असं मला त्या क्षणी म्हणता येईना, त्याचंच जास्त लागलं.

"अपील कर," किसनराव म्हणाले. "मी भाषणाची पूर्ण कॅसेट देतो."

मी महामायाला फोन केला. तिनं आधी कागद वाचून दाखवायला सांगितला, मग मी काय काय जोडलं ते विचारलं. मी सांगत गेलो. फ्लेक्सपर्यंत ती नुसतं 'पुढं?' म्हणत होती. पॅरिसच्या मनोऱ्याला ती हसली. 'वेळोवेळी मुदतवाढ' ऐकल्यावर तिचं हसू थांबलं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "मी चौतिसाव्या वर्षी होस्टेलात अठरा-अठरा वर्षांच्या पोरींसंगं बसून ही भाषा शिकली. रोज रडत होती. तुमाले फोनवर सांगतलं नाही. तुमाले फक्त नाव, गाव अन् घड्याळ शिकाचं होतं. तेवढंही तुमच्यानं होत नाही? तुमाले माह्याजवळ याचं हाये, का नुसती मुदतवाढ घ्याची हाये?"

मी म्हणालो, "याचं हाये." पण तोवर तिच्या वॉर्डातून हाक आली होती आणि फोन बंद झाला होता.

मी डोक्याला हात लावून बसलो. माय पासपोर्ट हातात घेऊन उभी होती.

"मी जातो," ती म्हणाली.

"एकटी? तुले साधी लिफ्ट माहीत नाही!"

"काऊन? कागद माह्या नावानं आला ना? पोरगी एकटी हाये तिथं. तू चंद्रीले पाह्य."

आणि ती गेली. ज्वारीचं पीठ, तिळाची चटणी आणि माझ्या वाटणीचे लाडू घेऊन. मुंबईच्या विमानतळावर तिला चाकाच्या खुर्चीत बसवलं तेव्हा मला भरून आलं. तिनं खुर्चीतून मागं वळून मोठ्यानं सांगितलं, "तिले संध्याकाळी सरकी दे! अन् कासेले हात लावाच्या आधी कोमट पाणी!" आजूबाजूच्या लोकांनी माझ्याकडं पाहिलं. जर्मनीला जाणाऱ्या आईचा पोरगा गावाकडं काय करतो, ते सगळ्यांना कळलं.

चंद्री आटत आली होती, पण संध्याकाळचं तांब्याभर दूध अजून देत होती. म्हणजे मायला देत होती. मला तिनं पहिल्या दिवशी शेपटी दिली, दुसऱ्या दिवशी लाथ. तिसऱ्या दिवशी अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "जनकीचं लुगडं गुंडाळ अंगाले. ढोर वासानं ओळखते." माणसाचा नाइलाज झाला की तो कोणाचंही ऐकतो. मी मायचं हिरवं लुगडं नेसलो, डोक्यावरून पदर घेतला आणि बसलो. चंद्रीनं वास घेतला, निःश्वास टाकला आणि पान्हा सोडला. तेवढ्यात लुगड्याच्या आत माझा फोन वाजला. मी ओल्या हातानं उचलला. तो व्हिडिओ कॉल होता.

समोर महामाया, माय, आणि मध्ये एक जर्मन बाई. शेजारीण असावी. तिघींसमोर केक होता. बाईनं मला पाहून मोठ्या आदरानं मान लववली आणि महामायाला काहीतरी विचारलं.

"काय म्हणे ते?" मी विचारलं.

"विचारते, ह्या तुझ्या मोठ्या जाऊबाई का?"

"अन् तू काय सांगतलं?"

"खरं तेच सांगतलं," महामाया म्हणाली. तिचे खांदे गदगदा हलत होते. माय तिला पाठीवर थोपटत होती आणि स्वतःच हसून हसून डोळे पुसत होती. ती गेल्यापासून मी महामायाला इतकं हसताना पाहिलं नव्हतं. त्या दोघी एका टेबलाशी बसल्या होत्या आणि मी इथं लुगड्यात होतो. मला हसूही आलं आणि फार वाईटही वाटलं. मी तिथं असायला पाहिजे होतो. त्यासाठी घड्याळात किती वाजले, एवढंच शिकायचं होतं.

एकविसाव्या दिवशी माय परत आली. महामायानं तिला रडून थांबवलं होतं, व्हिसाचे नऊ दिवस अजून बाकी होते, तरी आली. मुदत शिल्लक असताना काम उरकून परत आलेला माणूस मी माझ्या सबंध नोकरीत पहिल्यांदा पाहिला. चौथ्या दिवशी चंद्री व्याली. पारडी झाली. गावानं पारडीचं नाव 'जर्मनी' ठेवलं.

मायनं पिशवीतून एक पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. जर्मनचं पहिलं पुस्तक, महामायाचं स्वतःचं, पानोपानी तिच्या पेन्सिलीच्या खुणा. पहिल्या पानावर ताज्या शाईनं, तिच्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं: 'विषय: नवरा मिळणेबाबत. मुदत: ३१ मार्च. सदर प्रकरणी कोणत्याही कारणास्तव मुदतवाढ दिली जाणार नाही.'

त्याखाली सहीसुद्धा होती. अकरा वर्षांत इतका स्पष्ट आदेश माझ्या टेबलावर आला नव्हता.

तर आता मी आठवड्यातून तीन दिवस ऑफिस सुटल्यावर बुलडाण्याला क्लासला जातो. वर्गात सगळ्या नर्सिंगच्या पोरी आहेत. त्या मला काका म्हणतात आणि बस स्टँडपर्यंत उन्हात माझ्याकडून छत्री धरून घेतात. बस स्टँडवर किसनरावांनी नवा फ्लेक्स लावला आहे: 'जर्मनी दौरा यशस्वी केल्याबद्दल मा. जनकाबाई हिवराळे यांचे हार्दिक अभिनंदन.' मध्ये माय, हसरी, चार फुटांची. बाजूला चंद्री आणि पारडी. खाली शुभेच्छुकांची रांग, त्यात डावीकडून नववा मी. फोटो तोच, व्हिसाचा, पण आता तिकिटाएवढा.

"दादा, पास झाले की मोठा करतो," डिंपल म्हणाली. "फाइल सेव्ह हाये."

आणि माझा जुना सोळा फुटी फ्लेक्स मायनं गोठ्याशेजारच्या कुटारावर, म्हणजे भुशाच्या ढिगावर, झाकायला घेतला आहे. सकाळी त्याच्यासमोर बसून मी पाठ करतो. परवा मी पुस्तक मिटून, डोळे मिटून, एका दमात म्हटलं, "माइने फ्राउ वोन्ट इन डॉइचलांड. माइने मुटर वार इन डॉइचलांड. इष वोने इन उंद्री." म्हणजे माझी बायको जर्मनीत राहते, माझी आई जर्मनीत होती, मी उंद्रीत राहतो. न अडखळता येणारी माझी ही तीनच वाक्यं आहेत.

"मुटर नाही बे," गोठ्यातून माय म्हणाली. "मुट्टा म्हण. ते शेजारीण तसंच म्हणे."

मार्च संपायला सतरा दिवस राहिले आहेत. अभ्यास उत्तम चालला आहे. घड्याळाचं तेवढं अजून बसत नाही. काल मी महामायाला फोन केला, तिन्ही वाक्यं म्हणून दाखवली, ती खूश झाली. मग मी सहज, अगदी सहज म्हणालो, की क्लासमध्ये चौकशी केली, परीक्षा एप्रिलमध्येही असते म्हणे, तर अपरिहार्य कारणास्तव...

तिनं फोन मायकडं द्यायला सांगितला. मायनं ऐकून घेतलं, दोनदा "हाव, हाव" म्हणाली आणि फोन बंद करून माझ्या हातात दिला.

"काय म्हणे?" मी विचारलं.

"नामंजूर," माय म्हणाली, आणि सरकी भिजवायला निघून गेली.